बाईच्या ओळी

मी जेवायला बसले आणि म्हाताऱ्याचा फोन टेबलावर गुरगुरला. म्हातारा, म्हणजे माझा नवरा, वसंतात गेला. फोन मी रोज चार्जिंगला लावते. का लावते ते मला विचारू नका. झोपताना दाराला कडी घालते तशीच लावते. इतके दिवस त्यावर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती तेवढ्या यायच्या. चष्मा शोधला, घातला. ‘आदरणीय फान साहेब, आपली नेहमीची खोली आज दुपारी आपली वाट पाहत आहे. भरपूर गा, आनंदी राहा!’ खाली माइक धरून नाचणारं डुकराचं गुलाबी पिल्लू. मी ते दोनदा वाचलं. तोवर नूडल्स गार झाल्या, आणि गार झाल्या की त्यांचा एकमेकींना चिकटून गोळा होतो, तो गोळा तसाच खाल्ला. भांडं धुतलं, पालथं घातलं. मग म्हटलं, आता काहीतरी वाटायला पाहिजे. ओट्याला टेकून जरा वेळ उभी राहिले, वाट पाहिली. काही वाटलं नाही.

काय झालं असणार ते कळायला फार डोकं लागत नव्हतं. आमच्या हानकौत रात्रीचा कराओके पोरांचा आणि दुपारचा म्हाताऱ्यांचा. पोरं रात्री येतात, बियर पितात, एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. दुपारी खोल्या ओस पडलेल्या असतात म्हणून पडेल भावात आम्हाला देतात. आम्ही घरून थर्मासात चहा नेतो, पिशवीच्या तळाशी सालपटं काढलेली संत्री लपवतो आणि संध्याकाळी नातवंडांना शाळेतून आणायच्या वेळेपर्यंत गातो. कापडगिरणी बंद पडल्यापासून आमच्या टोळीचा बुधवार कधी चुकला नाही. त्या कराओकेचा टोळीतला सगळ्यात जुना सभासद आमचा म्हातारा. त्याच्या नंबरावर खोली घेतली की सवलत मिळते आणि सूर्यफुलाच्या बियांची बशी फुकट. म्हणजे टोळीनं पुन्हा गाणं सुरू केलं होतं आणि खोली मेलेल्या माणसाच्या नावावर घेतली होती. निरोप नंबरावर जातो आणि नंबर माझ्या टेबलावर आहे, हे त्या शहाण्यांच्या ध्यानातही आलं नसणार. मला कुणी सांगितलं नव्हतं. बरं, सांगितलं असतं तर मी काय दिवे लावले असते? ‘बरं’ म्हटलं असतं. वसंतापासून मी सगळ्याला ‘बरं’ म्हणते. डॉक्टर म्हणाले, आता घरच्यांना बोलवा, बरं. आमची निंग शेन्झेनहून फोन करते, ‘आई, माझ्याकडे येऊन राहा,’ बरं. पुन्हा करते, ‘आई, आत्ता नको, सासूबाई आल्यात, जागा होत नाही,’ बरं. ‘आई, तू एकदा रडून घे गं. असं आतल्या आत ठेवलं की छातीत बसतं.’ बरं. आता रडायला काय मी नळ आहे, सोडला की सुरू? पण तिला तसं म्हटलं नाही. बरं म्हटलं.

मी का निघाले ते मला धड सांगता यायचं नाही. निरोप आला की म्हातारा निघायचा. केस पाण्यानं चापून बसवायचा, खिशात रुमाल टाकायचा आणि दारातून ओरडायचा, ‘आटप गं, वाद्यवृंद!’ वाद्यवृंद म्हणजे मी. मी डफली वाजवते. आता निरोप आला होता आणि निघणारं कुणी नव्हतं, तेव्हा कुणीतरी निघायला हवं, एवढंच. निघताना रोजच्यासारखा संध्याकाळचा भात भिजत घालावा म्हणून तांदळाच्या मडक्यात हात घातला. वाटी तळाला खरखरली. तांदूळ कधीच संपलेत हे मला ठाऊक होतं; रोज दुपारी हात घालते, रोज वाटी खरखरते, मग निंगनं पाठवलेलं नूडल्सचं एक पाकीट काढते. तांदूळ आणावेत असं मनात येतं, पण ते मनात येणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरात चालू असलेल्या रेडिओसारखं. ऐकू येतं, आपल्याला उद्देशून नसतं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली. मी नेहमीच्या सवयीनं डावा कान खिडकीकडे केला, कारण डावा कान गिरणीनं खाल्लाय. साचेखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालू असले की माणूस माणसाच्या कानात ओरडला तरी ऐकू जात नाही. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या महिन्यात रडते आणि दुसऱ्या महिन्यात ओठ वाचायला शिकते. मग काय, साच्यापलीकडून सासूच्या कागाळ्या, मुकादमाची टिंगल, कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा कुठे जातो, सगळं ओठांनी. मुकादम मध्ये उभा, त्याला ओ की ठो कळायचं नाही. माझ्या शेजारच्या साच्यावर हुइमिन होती. तुटलेला धागा मी जोडायच्या आत ती चार वाक्यं बोलून मोकळी व्हायची. घरी आलो की आम्हा बायकांचा आवाज इतका चढलेला असायचा की नवरे म्हणायचे, भांडताय का बोलताय? कान गेल्यावर सूरही गेला. मला गाणं ऐकू येतं, पण आपला आवाज त्यात कुठे बसतो ते कळत नाही. तोंड उघडलं की भलतंच निघतं. म्हणून मी डफली. हुइमिनचे दोन्ही कान शाबूत राहिले. कसे राहिले देव जाणे, त्याच गोंगाटात होती. आवाजही राहिला. चाळिशीत तिला नवऱ्यानं टाकलं, त्याच्यानंतर तर तिचा आवाज जास्तच गोड झाला असं मला वाटतं.

आमच्या म्हाताऱ्याचं आणि तिचं गाणं म्हणजे आमच्या टोळीचं नाक. एक पुरुष नदीच्या या काठावर, एक बाई त्या काठावर. तो विचारतो, ती उत्तर देते. तो विचारतो, ती उत्तर देते. होडी काही शेवटपर्यंत येत नाही. पुरुषाच्या ओळी पडद्यावर निळ्या, बाईच्या तांबड्या, शेवटची ओळ दोघांची. आमच्यात एक रीत आहे, कुणी लिहून ठेवलेली नाही पण मोडायची कुणाची छाती नाही: ज्याचं गाणं त्याचं. जाड्या तूचं, तू हे त्याचं आडनाव, सैनिकाचं गाणं कितीही सोपं असलं तरी ते तोच भसाड्या आवाजात गाणार आणि आपण टाळ्या वाजवणार. आणि कुणी गात असताना मधे गाणं तोडायचं नाही; बटण एका बोटाच्या अंतरावर असतं, पण गाणं तोडलं म्हणजे माणसाला ताटावरून उठवलं. तर हे गाणं फान आणि हुइमिनचं. जाड्या तू दर बुधवारी एकच विनोद करायचा, ‘फानची मजा आहे, एक बायको गायला, एक रांधायला!’ सगळे हसायचे. मीही हसायचे. हसण्यासारखंच होतं. म्हाताऱ्याला किळस फार, आदल्या रात्रीच्या पोरांनी माइकमध्ये थुंकी उडवलेली असते म्हणायचा, म्हणून मी जुन्या उशीच्या अभ्र्याची दोन टोपडी शिवली होती माइकला घालायला. त्याला निळं, तिला तांबडं. आत इलॅस्टिक. निंग तेव्हा सुटीवर आलेली, बघत होती. म्हणाली, ‘आई, तुला खरंच काही वाटत नाही?’ मी म्हटलं, ‘काय वाटायचंय? धुतली की दोघांची एकत्रच धुवायला बरी पडतात.’

स्मशानात हुइमिन अशी रडली की बाहेर पार्किंगपर्यंत ऐकू गेलं. गिरणीतले एक जुने साहेब फुलांचं चक्र घेऊन आले, ते सरळ तिच्यापुढे जाऊन वाकले, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, ‘फान वहिनी, मन घट्ट करा.’ मी लागून उभी होते, दंडाला काळी पट्टी बांधून. हुइमिननं त्यांना सांगितलं नाही. तिला बोलताच येत नव्हतं. मीही सांगितलं नाही. मी त्यांच्या बुटांकडे बघत होते, एका बुटाची नाडी सुटलेली होती आणि ते वाकताना पाय त्यावर पडला होता, आता हे पडणार, असं मला वाटत होतं. ते पडले नाहीत. मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं, नाडी.

आणि घरातलं गाणं. बस पुलाखालून गेली तेव्हा मला ते आठवलं, किंवा आठवलं असं नाही, बसच्या खडखडाटात सुरू झालं. मंगळवारी रात्रीची भांडी घासायला मी ओट्याशी उभी राहिले की म्हातारा मागे यायचा, पाठ खाजवायची काठी माइकसारखी धरायचा आणि तालीम करायचा. फक्त स्वतःच्या ओळींची. बाईची ओळ आली की थांबायचा, डोळे मिटून बोटानं ताल धरायचा, ती ओळ मनातल्या मनात जाऊ द्यायचा, मग पुन्हा आपली ओळ. त्यामुळे आमच्या घरात ते गाणं कायम अर्धंच असायचं. एक ओळ आणि एक भगदाड. त्या भगदाडात मी बोलायचे. म्हणजे बोलायचं ठरवून नाही, पण मला कामं नेमकी तेव्हाच आठवायची. ‘तांदूळ संपत आलेत.’ तो गायचा. ‘गॅसवाला आज आलाच नाही.’ तो गायचा. ‘निंगचा फोन होता, धाकट्याला ताप आहे म्हणे.’ हात वर करून तो मला गप्प करायचा, आपली ओळ घ्यायचा, पुन्हा बोट हलवायला लागला की माझं सुरू, ‘खालच्या बाईनं पुन्हा जिन्यात सायकल लावलीये.’ शेवटची ओळ लांबवून लांबवून संपवायचा, काठी खुंटीला अडकवायचा आणि मग वळून, जसं काही आत्ताच खोलीत आलाय तसा विचारायचा, ‘हं, काय म्हणत होतीस?’ माझी तळपायाची आग मस्तकात जायची. ‘भिंतीशी बोलत होते मी. भिंतीनं ऐकलं.’ ‘बरं, आता मला सांग.’ मग सगळं पहिल्यापासून सांगायचं. दुसऱ्या दिवशी तांदळाचं पोतं खांद्यावर टाकून सहा जिने चढायचा, आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि प्रत्येक वळणावर धापा टाकत एक ओळ म्हणायचा. वरून मला ऐकू यायचं, किती जिने झाले.

कराओकेच्या गल्ल्यावर नवीन मुलगी होती, नखांवर चांदण्या चिकटवलेली. ‘कुणाच्या नावावर खोली आहे, आजी?’ मी म्हटलं, ‘फान.’ तिनं पडद्यावर पाहिलं. ‘फान साहेब केव्हाच आलेत, आत आहेत. सरळ जा, शेवटचं दार.’ ‘आलेत?’ ‘हो की. गायला लागलेसुद्धा.’ मी त्या बोळातून निघाले. दोन्ही बाजूंना काळे आरसे, पायाखाली मऊ गालिचा, त्यावर सांडलेल्या बियरचा वास जो दुपारीही जात नाही. त्या बोळात मला काय झालं ते विचाराल तर काही झालं नाही. छाती शांत होती, हात गार होते. पाय मात्र भराभर चालत होते, म्हातारपणी इतकी भराभर मी कधी चालले नसेन. दारापाशी आले तेव्हा आतून गाणं ऐकू येत होतं. तेच. पुरुषाची ओळ. आवाज त्याच्यापेक्षा चांगला होता.

दार ढकललं. अंधारात छताचा गोळा फिरत होता, भिंतींवर ठिपके पळत होते. उभा होता एक उंच माणूस, केस काळे केलेला, शर्ट पॅंटीत खोचलेला, आणि त्याच्या हातातल्या माइकवर निळं टोपडं. शेजारी हुइमिन, तांबडं टोपडं. कोपऱ्यात जाड्या तू बिया फोडत बसलेला. पडद्याच्या वरच्या कडेला लिहिलं होतं, ‘फान साहेबांची खोली.’ तूनं मला पाहिलं आणि बियांची बशी त्याच्या मांडीवरून खाली गेली.

‘वहिनी! अरे, वहिनी आल्या!’ तो उठायला धडपडला. ‘या, या, बसा, इथे बसा, इथे ए.सी. लागत नाही. कशा... म्हणजे, कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘म्हाताऱ्यानं,’ मी म्हटलं.

तो अर्धवट उठलेला तसाच खाली बसला. तेव्हा मी पिशवीतून फोन काढला आणि ते नाचणारं डुक्कर त्याला दाखवलं. तूनं कपाळावर हात मारला. ‘अकलेचा कांदा आहे मी! वहिनी, तोंड दाखवायला जागा नाही मला. नंबर विचारला, तोंडातून तोच गेला. इतकी वर्षं तोच दिलाय, दुसरा येतोच कुठे तोंडात!’

उंच माणसानं पार वाकून नमस्कार केला. ‘मी चू. आधी बस चालवायचो, नदीपलीकडच्या मार्गावर. मला ठाऊक नव्हतं की तुम्हाला...’ त्यानं हातातल्या माइककडे पाहिलं आणि तो पाठीमागे नेला, पोरानं चोरलेली कैरी लपवावी तसा. बिचारा. गाणं मागे चालूच होतं, कुणी तोडेना. निळी ओळ भरत गेली, तांबडी ओळ भरत गेली, आणि आम्ही सगळे ते संपायची वाट बघत उभे राहिलो.

मग तूनंच सांगितलं, खाली सांडलेल्या बिया गोळा करत करत, म्हणजे माझ्याकडे बघावं लागणार नाही. शरदातल्या वडीलधाऱ्यांच्या सणाला आमच्या विभागात दरसाल गाण्याची चढाओढ असते. मागच्या वर्षी आमच्या जोडीचा दुसरा नंबर आला होता आणि बक्षिसाचं तेल अजून त्याच्या घरी चाललंय. यंदा नाव द्यायचं तर गाणं हेच हवं. चूचा आवाज चांगला. ‘पण गाणं फानचं, वहिनी. रीत ती रीत. जिवंत माणसाचं गाणं घ्यायचं नाही हे पक्कं. गेलेल्याचं काय, ते कधी ठरलंच नाही. आमच्यात गेलंच नव्हतं ना कुणी. तेव्हा म्हटलं, आता ते तुमचं. तुम्ही द्याल तर घ्यायचं. नाही म्हणालात तर विषय संपला. आम्ही येणारच होतो तुम्हाला विचारायला.’

‘कधी?’

‘पुढच्या बुधवारी.’

‘आणि हा बुधवार?’

‘हा... हा बुधवार तालमीचा.’

एरवी मी त्याला असा फैलावर घेतला असता की दोन दिवस जेवण गेलं नसतं. आत शोधलं, राग सापडला नाही. मी हुइमिनकडे पाहिलं. तिचे केस मुळाशी पांढरे झाले होते, वसंतात ती काळे करायची. मी म्हटलं, ‘गा की. गाणं काय त्याच्या बापाचं होतं?’ तू इतक्या मोठ्यानं हसला की चूसुद्धा दचकून हसला. ‘ऐकलंत? मी सांगत होतो ना, आमची वहिनी म्हणजे सोनं आहे सोनं! चू, पाया पडा.’ चूनं पुन्हा कमरेत वाकून नमस्कार केला. कुणीतरी माझ्या हातात चहाचा पेला दिला, कुणीतरी डफली दिली. तूनं यंत्रावर तेच गाणं पुन्हा लावलं आणि सुरुवातीची सनई भसकन खोलीभर झाली. त्या आवाजात हुइमिन माझ्याकडे वळली आणि तिचे ओठ हलले, जुन्या साचेखात्यासारखे. ‘खरंच?’

‘खरंच,’ मी ओठांनीच म्हटलं.

‘तू नाही म्हणालीस तर मी नाही गाणार.’

‘गातेच आहेस की.’

तिनं मान खाली घातली. मला तिला टोचायचं नव्हतं. खरं ते बोलले, बस. मग चूची पहिली ओळ आली, आणि हो, गायला तो छानच. म्हातारा वरच्या सुरावर घसरायचा आणि घसरलं की भुवया उडवायचा, जसं काही मुद्दाम केलंय. हा घसरला नाही. निळी अक्षरं डावीकडून उजवीकडे भरत गेली. मी डफली मांडीवर धरून बसले होते, बोटं नेमकी जिथे हवी तिथे आपटत होती, पडद्याच्या उजेडानं माझे हात निळे दिसत होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. मग ओळ संपली. तांबडी अक्षरं आली, हुइमिननं तोंड उघडलं, आणि माझे ओठ हलले. मला ते आधी कळलंच नाही. इलॅस्टिक तुटलंय, टोपडं सैल झालंय. असलं काहीतरी. चूची ओळ आली, मी गप्प. हुइमिनची आली, पुन्हा ओठ हलले: निंगकडे सासूबाई आल्यात. निळी ओळ, गप्प. तांबडी, ओठ: खालच्या बाईनं अजून सायकल काढलेली नाही. हुइमिन गाता गाता माझ्याकडे बघत होती. प्रकाशाचे ठिपके माझ्या तोंडावरून पळत असणार, तिला नीट वाचता येत नसावं. तिला वाटलं असेल मी तिच्याबरोबर गातेय, कारण ती जरा हसली. आणि ती हसली तेव्हा मला एकदम कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, कामं आठवायची म्हणून मी बोलायचे. पण दुसऱ्या कुणाच्या गाण्याच्या वेळी मला कधी कामं आठवली नाहीत. मी भांडी घासताना म्हातारा सैनिकाचं गाणंही गुणगुणायचा, तेव्हा मी गप्प असायचे. त्याच्या गाण्यातल्या त्या जागा हुइमिनच्या होत्या आणि मी त्यातली एकही कधी रिकामी सोडली नव्हती. तांदूळ, गॅस, ताप, सायकल, जे हाताला येईल ते त्यात कोंबत आले होते. तो डोळे मिटून तिची ओळ मनातल्या मनात ऐकत असायचा, आणि त्याला ऐकू काय जायचं? मी.

शेवटचं कडवं आलं. मी डफली खाली ठेवली होती बहुतेक. ती पायाशी पडून वाजली ते आठवतं. तांबडी ओळ. तांदूळ संपलेत. माझा आवाज बाहेर पडला की नाही ठाऊक नाही, डाव्या कानानं काही सांगितलं नाही. दोघांची शेवटची ओळ त्यांनी लांबवत लांबवत संपवली. यंत्रानं आपल्या पोटातल्या टाळ्या वाजवल्या आणि मग सगळं थांबलं. पुढचं गाणं लावायचं तू विसरला होता. त्या शांततेत हुइमिननं माइक खाली केला, माझ्याकडे वळली आणि साध्या बोलण्याच्या आवाजात विचारलं, ‘हं, काय म्हणत होतीस?’

तिला काय माहीत. तिला कुठून माहीत असणार. ती आमच्या स्वयंपाकघरात कधी मंगळवारी आलीच नव्हती.

‘तांदूळ संपलेत,’ मी म्हटलं. तोंडानं, आवाजानं. ‘कधीचेच संपलेत. रोज हात घालते मडक्यात. कुणी आणलेच नाहीत.’ आणि मग माझ्या पोटातून काहीतरी वर आलं, गिरणीचा भोंगा वाजायच्या आधी पाइपातून हवा यायची तसं, आणि मी रडायला लागले. वाईट रडले. नाक, तोंड, सगळं. दुखत होतं. वसंतापासून पहिल्यांदा मला कुठेतरी दुखत होतं आणि ते मला बरं वाटत होतं, असं म्हणायची लाज वाटते, पण वाटत होतं.

‘वहिनी, अहो, एवढंच ना?’ तू घाबरून उठला. ‘तांदूळ ना? मी आणतो, आत्ता आणतो, दहा किलोचं पोतं...’

‘तू गप रे, जाड्या. तुला स्वतःला सहा जिने चढवत नाहीत.’

हुइमिन माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा हात धरला, आणि तीही रडायला लागली, पण या वेळी हळू, बाहेर ऐकू जाणार नाही असं. चू उभाच होता. कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं. मी रुमाल शोधला, तो नव्हता. रुमाल म्हातारा टाकायचा खिशात. बाहीनंच नाक पुसलं आणि म्हटलं, ‘चू, ते टोपडं काढा.’

‘जी?’

‘माझं आहे ते, मी शिवलंय. काढा.’ त्यानं घाईघाईनं काढलं. माझ्या हातात दिलं तेव्हा ते ऊन होतं, त्याच्या श्वासानं दमट. ‘आणि गाणं द्यायचं नाही. मघाशी दिलं ते सवयीनं. मी सगळ्यालाच बरं म्हणते हल्ली. आता नीट सांगते: नाही. सणाला नाही, बुधवारीही नाही. तुमचा आवाज चांगला आहे, त्याच्यापेक्षा चांगला आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. दुसरं कुठलंही घ्या.’

‘कुणालाच नाही?’ तूनं विचारलं. त्याच्या डोळ्यापुढून तेलाचा डबा चालल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

मी हुइमिनकडे पाहिलं. तिनं आपल्या माइकचं तांबडं टोपडं काढलं, घडी घातली आणि माझ्या तळहातावर निळ्याच्या वर ठेवलं. मी ते उचलून तिला परत दिलं. ‘तुझं तुझ्याकडे राहू दे,’ मी म्हटलं. ‘कुणालाच नाही.’

मग चू म्हणाला, मी निघतो. मी म्हटलं, बसा हो, चहा प्या, संत्री आहेत का रे जाड्या, काढ. तूनं पिशवीच्या तळातून संत्री काढली, दिवे लावायला गेला, मी लावू दिले नाहीत. खोली फान साहेबांच्या नावावर होती आणि वेळ अजून शिल्लक होती. मी तिथेच बसून रडून घेतलं.